‘स्कूटरचे कागद’ नावाचा फोल्डर

आमची स्कूटर विकून चार वर्षं झाली होती. तरीही घरच्या कॉम्प्युटरवर ‘स्कूटरचे कागद’ नावाचा एक फोल्डर होता आणि तो रोज थोडाथोडा फुगत होता. विकलेल्या स्कूटरला एवढे कागद कुठून फुटतात, हा प्रश्न कुठल्याही बाईला पडला असता. मला तो जरा लवकर पडला, कारण मी मुळातच संशयी. दूधवाला ‘आज दूध छान आहे ताई’ म्हणाला की मला कालच्या दुधाची काळजी लागते.

ही गोष्ट दोन हजार पंधराच्या आसपासची. आम्ही जुन्या पनवेलमध्ये तळमजल्यावर राहायचो, दार थेट गल्लीत उघडायचं. नवरा तळोज्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होता, नुकताच निवृत्त झाला होता. मी घरीच ब्लाउज शिवायचे. सव्वीस वर्षांचा संसार आणि तेवढ्याच वर्षांचं शिलाई मशीन. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे राहिला. त्यावर मी ब्लाउजच्या पाठीची डिझाइन्स बघायचे. सोशल साइटवर बायका कसले कसले गळे टाकायच्या! आवडला की उजवं बटण दाबायचं, सेव्ह करायचं आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं. एवढं मला येत होतं. नवऱ्याला वाटायचं तेवढंच येतं.

त्या सुमारास सगळ्यांना पुटपुटायची सवय लागली होती. गिऱ्हाईक बायका ट्रायलला आल्या की एकमेकींत ओठ हलवायच्या आणि हसायच्या. माझ्या शिलाईलाच हसत असणार, दुसरं काय? मुलीचा फोन आला की नवरा तो घेऊन मागच्या बाजूला जायचा. परत आला की ‘मजेत आहे’ एवढंच सांगायचा. वीस मिनिटांच्या बोलण्यातून दोन शब्द! बाकीचे कुठे गेले?

एकदा त्याने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मळ साठला असेल, काढून घेऊ, म्हणाला. तिथे मळ राहिला बाजूला, मला एका काचेच्या खोपटात बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक मुलगी मशीन चालवत होती. तिचं बोट दिसत नव्हतं, पण खांदा दिसत होता. मापं घेणाऱ्या बाईला खांदा कळतो. तो जरा हलला की मी बटण दाबायचे. पैकीच्या पैकी मिळाले असणार, अशा थाटात मी बाहेर आले. मग डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं आणि एकट्या नवऱ्याला आत बोलावलं. रस्त्यात मी विचारलं, ‘काय म्हणाले?’ तो म्हणाला, ‘काही नाही, सगळं ठीक आहे.’ ठीक असलेलं सांगायला दार लावून अर्धा तास लागत नाही. घरी आल्यावर त्याने कानाच्या मशीनचा विषय काढला, तेव्हा मी कात्री टेबलावर आपटली. ‘माझे कान शाबूत आहेत. तुमचीच बोलायची पद्धत बिघडलीय,’ म्हटलं. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर महिनाभराने मला ती बाई सापडली.

मी गळ्यांची डिझाइन्स शोधत होते आणि माझ्याच सेव्ह केलेल्या चित्रांत एक अनोळखी फोटो दिसला. पस्तिशीची, काळा बंद गळ्याचा कुर्ता घातलेली, हसणारी. एक बोट गालाला टेकवलेलं. शेजारी तिचाच दुसरा फोटो, दोन्ही हात छातीशी. तिसऱ्यात मूठ ओठांजवळ. मी तर हे सेव्ह केलेलं नव्हतं. घरात दोन माणसं, म्हणजे दुसऱ्या माणसाने केलेलं. मी त्या तीन फोटोंकडे किती वेळ बघत बसले ते सांगता येणार नाही. कुर्त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला होता, हे मात्र पहिल्या नजरेत दिसलं. असलं शिवलेलं घालून फोटो काढून घेते आणि माझ्या नवऱ्याकडे बघून हसते!

दुसऱ्या दिवशी ते तीन फोटो तिथून गायब झाले. मग मी एकेक फोल्डर उघडत गेले आणि ‘स्कूटरचे कागद’पाशी पोचले. आत अठरा फोटो. सगळ्यांत तीच बाई, तोच काळा कुर्ता. कुणाला नाव नाही, नुसते लांबलचक आकडे. आठवड्याने सत्तावीस झाले.

मला राग आला, असं म्हणणं पुरेसं नाही. मला भीती वाटली. मुलगी गेलेली, नवरा दिवसभर घरी, बोलणं कमी होत चाललेलं. आपला माणूस आपल्या डोळ्यांदेखत हातातून चाललाय आणि आपण लोकांच्या ब्लाउजना हुक लावत बसलोय, असं वाटायचं. रात्री त्याला जेवायला वाढताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. तोही माझ्याकडे बघायचा. आधी इतका बघत नसे. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं.

मग एका दुपारी मी दळणाचा डबा ठेवून नेहमीपेक्षा लवकर परतले. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. नवरा बनियनवर कपाटाच्या आरशासमोर उभा होता. आरशाला मोबाईल टेकवलेला. आणि हा साठीचा गृहस्थ मोबाईलकडे बघत बोट गालाला टेकवत होता, मग हात छातीशी नेत होता! मी उंबऱ्यातच थिजले. म्हणजे प्रकरण फोटोंपुरतं नव्हतं. समोरासमोर चाललं होतं. मी तसंच मागे फिरले, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि पुन्हा आले, तेव्हा तो शर्ट घालून पेपर वाचत होता.

तो एक दिवसाआड पेनड्राइव्ह खिशात टाकून बाहेर पडायचा. कुठे, तर एसटी स्टँडकडच्या रस्त्यावरच्या मोबाईलच्या दुकानात. दुकानदार आमच्या ओळखीचा कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात काढून आलेला, बोलायला गोड आणि कामाला चोख. मी रिचार्ज करायच्या निमित्ताने गेले. तो आतल्या कॉम्प्युटरवर काम करत होता आणि पडद्यावर ती होती. यावेळी ती हलत होती! गालाजवळचं बोट पुढे यायचं, हात उघडायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन सेकंदांत संपायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. तिला दमच नव्हता.

मला बघताच त्याने स्क्रीन दुसरीकडे वळवली.

‘हे काय आहे?’ मी विचारलं.

तो उठून माझ्यासमोर आला आणि तोंड अगदी समोर ठेवून, सावकाश बोलला. ‘काही नाही वहिनी. साइटवर हलणारी चित्रं असतात ना, ती सेव्ह केली की नुसता फोटो येतो. पहिलंच चित्र. मग भाईसाहेब मला लिंक देतात, मी त्याचा छोटा व्हिडिओ करून देतो. मोबाईलवर चालतो.’

‘आणि ती बाई कोण?’

त्याने कानाच्या पाळीला हात लावला. ‘वहिनी, गिऱ्हाइकाची चीज म्हणजे अमानत. तुमच्या ब्लाउजची मापं तुम्ही कुणाला सांगता का?’

‘तुम्हाला लाज वाटायला हवी,’ मी म्हटलं. त्याने माझं रिचार्ज केलं आणि पैसेही घेतले नाहीत. त्यामुळे तर माझी खात्रीच पटली. गुन्ह्यात सामील नसलेला माणूस फुकट रिचार्ज करून देईल कशाला?

तो दिवस बुधवार होता. मी ठरवलं, आता पुरावा गोळा करायचा आणि मुलीला पाठवायचा. बापाचे प्रताप तिलाही कळू देत. नवरा भाजी आणायला बाहेर पडला तसं मी मशीनवरचं काम तसंच टाकलं, दार लोटलं आणि ‘स्कूटरचे कागद’ उघडला.

आतले आकडे गेले होते. प्रत्येक व्हिडिओला आता मराठीत नाव होतं. स्टोअरकीपरच तो, लेबल लावल्याशिवाय त्याला काही ठेवताच येत नाही. मी पहिलं नाव वाचलं. ‘दार वाजतंय.’ दाबलं. ती बाई हलली. दुसरं, ‘नळाला पाणी आलं.’ तिसरं, ‘मुलीचा फोन.’ मग ‘कुणीतरी हाक मारतंय’, ‘मागून गाडी येतेय’, ‘बाळ रडतंय.’ आमच्या घरात बाळ नव्हतं. मुलीला चौथा महिना होता. मी खाली खाली जात राहिले. सगळे आवाजच होते. जे आवाज मला गेली तीन वर्षं येत नव्हते आणि ज्यांच्याबद्दल मी जगाशी भांडत होते, ते सगळे त्याने एकेक करून शोधून, सेव्ह करून, दुकानात नेऊन, हलते करून आणले होते. ती काळ्या कुर्त्यातली बाई हातांनी बोलायला शिकवत होती आणि माझा नवरा शिकत होता.

तरी संशयी माणूस सहज सुटत नाही. शेवटी एका व्हिडिओत ती नव्हती, तो होता. तोच बनियन, तोच आरसा. तो काहीतरी बोलत होता आणि हात हलवत होता. मध्येच चुकायचा, डोकं हलवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून करायचा. बोलतोय काय, ते कळेना. मी आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. शेवटी पूर्ण केला आणि स्पीकरला कान लावून बसले. खूप लांबून कुणीतरी बोलतंय एवढंच कळत होतं. गालाला मात्र स्पीकर थरथरताना जाणवत होता.

माझ्या अंगावर सावली पडली. मी दचकून वर बघितलं. नवरा भाजीची पिशवी घेऊन उभा होता आणि त्याच्या मागे, गल्लीच्या पलीकडल्या ओट्यावर, दोन बायका आमच्या दाराकडे बघत होत्या. त्याने हात पुढे करून आवाज बंद केला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

‘नाक्यापर्यंत माझाच आवाज येत होता,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, मी घरीच आहे.’

मला हसू आलं नाही. मला रडूच आलं, आणि रडताना राग आला. ‘चोरून का केलंत? मी काय काय विचार केला, माहितीय?’

‘माहितीय. दुकानातून फोन आला होता.’ तो हळू बोलत होता, पण माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा. तो गेले वर्षभर असाच बोलत होता. मी त्यालाही काहीतरी लपवणं समजत होते. ‘तुला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस. त्या काचेतल्या मुलीने मध्येच दोनदा केस सारखे केले, तेव्हाही तू बटण दाबलंस. डॉक्टर म्हणाले, मशीन आता लावलं तर काही वर्षं चालेल. पुढचं सांगता येत नाही. मग म्हटलं, तुझं मन तयार होईपर्यंत मी तरी तयार असावं.’

‘आणि पोरीला माहीत आहे?’

‘लिंक तीच पाठवते.’

मी पदराने तोंड पुसलं. इतक्या लोकांनी मिळून मला फसवलं होतं आणि भांडायला एक जण सापडत नव्हता. मग मी जे तीन वर्षांत एकदाही बोलले नव्हते ते बोलले. ‘मला ऐकू येत नाही हो.’

त्याने मान हलवली. एवढंच.

‘त्या शेवटच्यात काय बोलत होतात?’ मी विचारलं.

तो जरा लाजला. मग उभा राहिला आणि हाताने करून दाखवत म्हणाला, ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. हे कुठे शिकवलेलं सापडत नाही. कुकर आणि तीन मिळालं, शिट्टीसाठी मलाच काहीतरी जोडावं लागलं.’

मग मी त्याला तेही सांगून टाकलं. शिट्टी मला कधीचीच ऐकू येत नव्हती. मी ओट्यापाशी उभी राहून झाकणातून निघणाऱ्या वाफेवर डोळा ठेवायचे आणि अंदाजाने गॅस बंद करायचे. भात कधी फडफडीत राहायचा, कधी तळाला लागायचा, आणि मी वाण्याला जाऊन बोलायचे की तू तांदूळ बदलतोस. त्या वाण्याने बिचाऱ्याने दोनदा तांदूळ परत घेतला होता.

त्या संध्याकाळी मी कुकर लावला. नवरा न बोलता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सवयीने माझी नजर झाकणाकडे गेली. मग मी मुद्दाम कुकरकडे पाठ केली आणि त्याच्या हातांकडे बघत उभी राहिले.