पाठीला पाठ

म्होरकी मावशीने उभ्या जन्मात कुणाच्या मागून चालण्याचा गुन्हा केला नाही. देवीची पालखी असो, रेशनची रांग असो की कुणाची वरात, मावशी सगळ्यांच्या पुढे. वरातीत तर ती नवरदेवाच्या घोड्याच्याही पुढे असायची आणि घोडा मुकाट तिच्या चालीने चालायचा. तिचं खरं नाव आधार कार्डावर असेल तेवढंच. वाडीने तिला म्होरकी म्हटलं आणि तिने ते हक्काने घेतलं.

आमची वाडी टाकवे बुद्रुकच्या पुढे, धरणाच्या पाण्यात घुसलेली. तीन बाजूंना पाणी आणि चौथीकडून एकच रस्ता. पावसाळ्यात धरण भरलं की तो रस्ताही मोरीजवळ पाण्याखाली जातो आणि वाडीचं बेट होतं. आम्ही आपापसात ‘बेट’च म्हणतो. बेटावर कुणी अनोळखी नसतं. कुणाच्या घरात कालवण खारट झालं हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. त्यामुळे भीती म्हणून घ्यायची ती साप, वीज आणि सासू यांचीच, असं मावशी म्हणायची. सासू गेल्यावर तिने ती यादी दोनावर आणली होती.

तिचं राज्य म्हणजे भातलावणी. आमच्याकडे अजून इर्जिक चालते. आज तुझ्या खाचरात सगळी वाडी, उद्या माझ्या खाचरात, आणि ज्याचं खाचर त्याच्याकडे जेवण. लावणीत रोप पुढे रोवायचं आणि पाऊल मागे घ्यायचं, नाहीतर लावलेलं आपणच तुडवू. म्हणजे सगळी रांग वाकून उलटी सरकते, पाठीमागे काय आहे ते न बघता. या उलट्या चालीतही मावशी पहिली! तिची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ, आणि वर तोंडाचा पट्टा चालू. “पोरींनो, रोपं लावताय का मेंदी काढताय?”

तिच्याशी टक्कर द्यायची हिंमत एकटीच्यात होती. तिची धाकटी जाऊ, आमची काकू. दोघींचं कधी पटलं नाही. विळ्यापासून सुनेपर्यंत सगळ्यावरून त्या भांडत, आणि भांडायला कुणी नसलं की दोघीही आजारी पडत.

अशा या मावशीला तीन वर्षांपूर्वी आषाढात भर दुपारी कुणीतरी मारलं. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन ती गिरणीतून वाडीकडे येत होती. मागून मोटारसायकल आली. मावशी कडेला झाली. मागे बसलेल्याने तिच्या पाठीत दांडकं हाणलं, दोघं हसले आणि गाडी गेली. बस, एवढंच. ना शब्द ना भांडण. कानातलं नेलं नाही, डबाही नेला नाही. मावशी रस्त्यावर पालथी आणि सगळं पीठ चिखलात.

हवालदार आले, चांगले वागले, सगळं लिहून घेतलं. काय चोरीला गेलं? काही नाही. कुणाशी वैर? जावेशी आहे, पण तिला गाडी येत नाही! मावशी हे अगदी गंभीरपणे बोलली आणि काकू चुलीपाशी पदरात तोंड घालून हसली. ते दोघे शेवटपर्यंत सापडले नाहीत.

वाडीला मात्र कारण हवं होतं. कुणी म्हणालं जमिनीची भानगड, कुणी म्हणालं नजर लागली. एक जण तर देवऋषीकडे जाऊन आला. मावशी वैतागून म्हणाली, “ईज पडती तवा नाव इचारून पडती व्हय?” पोरांनी मोरीपाशी काठ्या घेऊन पहारा मांडला. मुंबई-पुण्याची गाडी दिसली की अडव. एका सहलीला आलेल्या जोडप्याची तर बोबडीच वळली. ते कळल्यावर मावशी दुखऱ्या पाठीने मोरीपर्यंत आली आणि एकेकाची काठी काढून पाण्यात फेकली. “त्याच्या पाठीत घाला म्हंजी माजी पाठ बरी व्हनार का रं?” मी तेव्हा लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर कामाला होते, अजूनही आहे. मोटारसायकलवरून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला खोलीची किल्ली देताना माझ्या मनात यायचं, हाच तर नसेल? ती पोरं आणि मी एकाच माळेचे मणी.

पाठीवरचे वळ गेले. लावणी आली. पहिलं खाचर रस्त्याकडेचं, मावशीचंच. मी रजा टाकून आले होते. मावशी रांगेत उतरली, दोन पावलं मागे सरकली आणि वळून मागे पाहिलं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा वळून पाहिलं. तिची ओळ वाकडी झाली. ती मागे पडू लागली. म्होरकी मावशी मागे! तेवढ्यात रस्त्यावरून आमच्याच दूधवाल्याची मोटारसायकल गेली. मावशीच्या हातातली रोपांची जुडी सुटली. ती बांधावर चढली आणि घरी निघून गेली. तिचं खाचर आम्ही तसंच ठेवलं.

त्यानंतर ती घराबाहेर पडेना. जेवायलाही भिंतीला पाठ टेकून बसायची. भांडी घासायची तीही भिंतीला टेकून. मला रडू यायचं. मार पाठीवर बसला होता आणि तो तिचं पुढे राहणंच घेऊन गेला होता. या लावणीत ती उतरली नाही, तर पुढे कधीच उतरणार नाही, हे आम्हा सगळ्या बायकांना कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू तिच्या दारात जाऊन उभी राहिली. माझ्यासकट निम्मी वाडी मागे.

“चल तुज्या खाचरात.”

“माज्याच्यानं न्हाई व्हायाचं. मागं कोन हाय ते दिसत न्हाई.”

“मग भित न्हेतीस का उचलून? चल, मी व्हते तुजी भित. तू ह्या बांधावनं लाव, मी त्या बांधावनं लावते. मागं मागं सरकत येते. तुज्या मागं दुसरं कोन यायाचं?”

मावशी म्हणाली, “तू? तू संध्याकाळपत्तुर पोचायची न्हाईस.” आणि पदर खोचला!

काय ती लावणी! निम्म्या बायका या बांधाला, निम्म्या त्या बांधाला, आणि दोन्ही रांगा उलट्या एकमेकींकडे निघालेल्या. असलं कुणी कधी केलं नव्हतं. मावशी वाकल्या वाकल्या ओरडायची, “आलीस का गं?” मागून काकूचा आवाज, “आले, आले!” रोपं सपासप चिखलात चाललेली, पाऊस अंगावर, आणि दोन्हीकडून नुसता कालवा. आणि रस्त्यावर मोटारसायकल वाजली. माझा हात थांबला, सगळ्यांचेच थांबले. मावशीचाही. ती वळली नाही. “आलीस का गं?” आवाज बारीक झाला होता. “हितंच हाय बया, हितंच हाय!” गाडी गेली. मावशीने रोप रोवलं, पाऊल मागे घेतलं, आणि आम्ही सगळ्या जणी खुळ्यासारख्या ओरडलो.

त्या ओरडण्याच्या भरात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. दोन्ही रांगा खाचराच्या मधोमध आल्या, पाठीला पाठ भिडली, काकू चिखलात बसली, आणि मग कळलं की दोन्हीकडे रोपं आहेत आणि आम्ही मधे अडकलोय. जन्मभर लावणी केलेल्या बायका! बांधावर उभे असलेले वाडीतले म्हातारे आबा ओरडले, “आरं, भात लावलं का सोताला लावलं?” शेवटी मधल्या पट्ट्यातून खेकड्यासारखं आडवं सरकत, रोपं लावत बाहेर निघालो. सगळ्यांत पुढे कोण, ते सांगायला नकोच.

पुढे एकदा मी तिला विचारलं, “मावशी, भीती गेली का?” ती म्हणाली, “कुटं जाती? बसलीया कोपऱ्यात. मी तिला च्या इचारत न्हाई.” रस्त्याने जाताना मागून गाडी आली की तिचे खांदे आवळायचे, हे मी पाहिलंय. तरी ती जायची.

गेल्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेली. यंदा लावणीला मी रजा टाकली. ते रस्त्याकडेचं खाचर आम्ही अजून दोन्ही बांधांवरूनच लावतो. मधे अडकतो, हसतो, आडवं निघतो. यंदा कुणी हसलं नाही. काकू वाकून मागे सरकत होती. तिच्या मागची, समोरच्या बांधावरून येणारी मावशीची ओळ रिकामी होती, तिथे उतरायला कुणी धजत नव्हतं. काकू ओरडत काही नव्हती, पण दर चार पावलांना थांबत होती. मला ते बघवेना. मी जुडी उचलली आणि मावशीच्या जागी उतरले. माझी ओळ वाकडी, हात काउंटरवर बसून मऊ झालेले. किती वेळ गेला कोण जाणे, माझ्या पाठीला पाठ टेकली. उबदार, हाडकुळी, जोराजोरात श्वास घेणारी.

काकूने वळून पाहिलं नाही. नाक ओढलं आणि म्हणाली, “लय उशीर केलास गं.”