सगळ्यात जास्त वेळा कोरलेलं नाव

दोन हजार अठरा साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या नातीचं नाव मी ठरवून टाकलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

माझा धंदाच नावांचा. घाटकोपरला स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या पायरीशी स्टूल टाकून मी चव्वेचाळीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. आधी छिन्नी-हातोडीने ठोकून, मग विजेच्या मशीनने. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण माझी एक ओळ वाकडी दाखवा. मुलुंडपर्यंतच्या कितीतरी स्वयंपाकघरांत माझा हात आहे. मालकिणींना ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे.

नावं कशी येतात आणि कशी जातात ते मी त्या स्टुलावरून बघितलं. आधी देवांची आणि नद्यांची यायची. मग नट्यांची. टीव्ही आल्यावर तर विचारू नका. मालिकेतली एखादी सून बायकांच्या मनात भरली की वर्षभरात ती बारशाच्या वाट्यांवर आलीच. दुकानाचे शेठ म्हणायचे, काका, घरी टीव्ही लावायची गरज नाही, तुमच्याकडे बघितलं तरी कळतं काय चाललंय.

एक नाव मात्र वर्षानुवर्षं थांबलंच नाही. साधं, तोंडात बसणारं. ते मी सगळ्यात जास्त वेळा कोरलं. शेवटी शेवटी तर पेन्सिलने आखायचीही गरज पडत नसे, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हात ते लिहून मोकळा व्हायचा. मला मुलगी झाली तेव्हा मी तेच ठेवलं. इतक्या घरांनी ज्या नावाला जीव लावला ते खोटं कसं असेल? ते नाव इथे लिहीत नाही. ज्याचं नाव त्याला विचारून घ्यावं, हे मी उशिरा शिकलो.

मुलीचं लग्न झालं तेव्हा एकावन्न भांडी दिली. सगळ्यांवर तिचं नाव, माझ्या हातचं. सासर चेंबूरला. तिथे थोरली जाऊ आधीपासून होती आणि तिचंही नाव तेच. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत म्हणून लग्नातच माझ्या मुलीचं नाव बदललं. ताटातल्या तांदळात जावयाने अंगठीने नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आठ दिवसांनी भांडी परत आली. विहीणबाईंचा निरोप होता की जावेच्या भांड्यांत मिसळतात, नवीन नाव घालून द्या. मी एकावन्नच्या एकावन्न पॉलिशच्या चाकावर धरली. जुनं नाव असं उतरवलं की उन्हात धरलं तरी खूण दिसू नये. मग नवीन कोरलं. त्या कामाचं मला फार कौतुक होतं, दुकानात चार जणांना एक ताट फिरवून दाखवलंही होतं.

ह्या गोष्टीला वीस वर्षं झाली. आता मुलाला मुलगी झाली होती.

सून अंधेरीला ऑफिसात जाते, हुशार आहे. दोघांनी फोनमध्ये शोधून एक नाव काढलं. मी तीनदा ऐकलं तेव्हा मला नीट कळलं. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत हे नाव माझ्या मशीनखालून एकदाही गेलेलं नाही.

"म्हणूनच तर आवडलं, बाबा," सून म्हणाली. "हाक मारली की एकटी तीच वळेल."

मी म्हटलं चार पोरी वळल्या तर काय बिघडलं, चारी आपल्याच. अनोळखी नाव घेऊन पोर शाळेत गेली की जन्मभर लोकांना समजावत बसेल. शेवटी मुलगा म्हणाला, मान आत्याचा आहे, ताई ठरवेल.

मला तेच हवं होतं. कारण माझ्या मनातलं नाव म्हणजे ताईचंच जुनं नाव. लग्नानंतर ते घरात रिकामंच पडलं होतं. सगळ्या आळीला ओळखीचं, माझ्या हाताला ओळखीचं. आपलंच नाव भाचीला नको असं कोण म्हणेल? बारशाच्या आदल्या दिवशी मी चांगली जड वाटी घेतली आणि नाव कोरूनही ठेवलं. बायकोने बघितली आणि मालवणीत एवढंच म्हणाली, "तुमका कोणी इचारल्यान?"

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. मुलगी चेंबूरहून आली तशी मी तिला एका बाजूला नेलं आणि कागदात गुंडाळलेली वाटी हातात दिली. तिने कागद सोडला. अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी सांगितलं की हे नाव रिकामंच आहे, आपल्या घरात परत येऊ दे.

"रिकामं नाहीये ते बाबा, माझं आहे," ती म्हणाली. "तिथे दुसरी होती म्हणून माझं काढलं. आणि घासलंत तुम्हीच."

मी म्हटलं, अगं, तेव्हा रीतच होती.

"होती ना. मग हिचं असं असू दे, की कुठल्याच घरात आधीपासून दुसरी नसेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, भांडणात मी कोणाला ऐकत नाही. वाटी तिने मला परत दिली नाही. पर्समध्ये टाकली आणि पाळण्याकडे गेली.

बायकांनी कुर्र करून तिच्या पाठीवर थापा मारल्या, तिने वाकून बाळाच्या कानात सांगितलं, मग उभी राहून मोठ्याने सांगितलं. सुनेने निवडलेलं नाव. सून रडायलाच लागली. मागे खुर्च्यांवर कुजबुज झाली. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, त्यांच्या तीन पिढ्यांच्या डब्यांवर माझी नावं आहेत, माझ्याकडे वळून हसले. "काय हो, नावं घालणाऱ्याच्या घरी हे असलं नाव? लक्षात तरी राहील का कोणाच्या?"

ते नाव तोवर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं, मी हट्टाने पडू दिलं नव्हतं. तेव्हा मी ते घेतलं, सगळा हॉल ऐकेल एवढ्या मोठ्याने, आणि त्यांना म्हटलं, "घ्या, चार वेळा म्हणा. मग राहील."

त्यांना म्हणायला लावलं. चारदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ शटर वर करत होते तेव्हा मी पायरीवर बसलेलोच होतो. नवीन वाटी घेतली. हाताला नातीचं ते नाव ठाऊक नव्हतं, म्हणून शिकाऊ माणसासारखं आधी पेन्सिलने आखलं, मगच मशीन लावलं. झकास उतरलं. मग शेठना म्हटलं, दुकानातला सगळ्यात मोठा तांदळाचा डबा काढा. त्याच्या पोटावर मुलीचं जुनं नाव कोरलं, बोटभर उंचीची अक्षरं, तेही आखून, सावकाश. डबा मांडीवर घेऊन रिक्षाने चेंबूरला गेलो. मुलीची थोरली जाऊ, त्याच नावाची, ओट्याशी भाजी निवडत होती. मी डबा ओट्यावर ठेवला, नाव पुढे येईल असा फिरवला आणि म्हटलं, "हा माझ्या मुलीचा."