गुडघ्याचे औषध

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत; चौसाळ्याची ती घटना मात्र आजही वेगळी आठवते. निजामी अमलात मी तिथे अमीन होतो, म्हणजे ठाण्याचा फौजदार.

एका सकाळी जवळच्या खेड्यातला एक शेतकरी खबर घेऊन आला. त्याचा चुलता पहाटे वारला होता आणि विधवा सुनेने त्याला विष घातले, असे त्याचे म्हणणे होते. मुलगा पटकीच्या साथीत गेल्यापासून घरात म्हातारा आणि सून, दोघेच. सून तुरुंगात गेली की जमीन या पुतण्याकडे येणार, हे त्याने सांगितले नाही. अशा गोष्टी पोलिसाला सांगाव्या लागत नाहीत.

जमादाराला घेऊन मी गेलो. प्रेत घरात नव्हते, गोठ्यात बाजेवर होते. पंचनाम्यात लिहिले: डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, ओटीपोट दगडासारखे टणक फुगलेले. कमरेच्या चंचीत लाल दोऱ्याने बांधलेली एक पुडी निघाली. बीडच्या हकीमसाहेबांनी ती हुंगून, चोळून पाहिली आणि सांगितले, यात धोतऱ्याचे बी आहे.

सुनेला चावडीत बसवले. तिचे म्हणणे एवढेच की मामंजींनी काही महिन्यांपूर्वी आपण होऊन बाज गोठ्यात नेली. का, ते सांगितले नाही. शेवटचे दोन दिवस ते पोट धरून कण्हत होते, भलतेसलते बरळत होते. ती म्हणाली, "वैदाला बोलवू का म्हणलं, तर आतून कडी लावून घेतली. पुडी मी कधी बघितली न्हाई." ती रडली नाही, आणि गावाने तेच तिच्याविरुद्ध धरले. माझा अनुभव असा, की रडण्यावरून काहीच ठरत नाही.

म्हाताऱ्याचा दोस्त एकच होता. चौसाळ्याच्या बाजारात पेरू-सीताफळे विकणारा एक वयस्क बागवान. दर बाजारी म्हातारा त्याच्या शेजारी पोते अंथरून दिवसभर बसे. दोघे बोलत फारसे नसत, पण एकमेकांवाचून कुणी त्यांना पाहिले नव्हते. बागवानाला चौकशीसाठी ठाण्यात आणले. म्हाताऱ्याने बाजारात काय घेतले, असे विचारले तर म्हणाला, गुडघ्याचे औषध. कुणाकडून, ते आठवत नाही म्हणाला.

बोलता बोलता तो उठून बाहेर गेला. आला, बसला, पुन्हा उठला. जमादाराला संशय आला, हा काहीतरी टाकून देतो आहे. मी मागे गेलो. बागवान भिंतीला कपाळ टेकून उभा होता. बराच वेळ तसाच उभा राहिला, आणि जमिनीवर पडले ते थेंबभर. मी आवाज न करता परत फिरलो आणि जमादाराला कामाचे निमित्त सांगून बाहेर पाठवले.

बागवान येऊन बसल्यावर मी विचारले, "चाचा, हा त्रास कधीपासून आहे?"

मी ती पुडी त्याच्यासमोर ठेवली. त्याने बंडीच्या खिशातून तसलीच पुडी काढून शेजारी ठेवली. तोच लाल दोरा होता.

"हीच खाऊन तुमचा दोस्त गेला. चावडीत त्याची सून बसलीय," मी म्हणालो.

सुनेचे त्याने ऐकले की नाही कोण जाणे. त्याने विचारले, "त्यालाबी हेच दुखणं होतं?"

मी मान डोलावली.

"इतकी वरसं आमी एका पोत्यावर बसलो, साहेब. त्यो उठून जायचा, मला वाटायचं कुणी वळखीचं दिसलं. मला न्हाई बोलला. मीबी न्हाई बोललो."

मग त्याने सगळे सांगितले. बाजाराच्या टोकाला एक दवावाला बसे. खोकला, खरूज, सांधेदुखी यांची औषधे तो ओरडून विकी. लघवीच्या तक्रारीचे मात्र ओरडत नसे. समोर बुडाला भोक पाडलेले मडके टांगून ठेवी, त्यातून थेंब थेंब पाणी गळे. ज्याला समजायचे त्याला समजे. गर्दी ओसरल्यावर एकेक म्हातारा येई, गुडघ्याचे औषध मागे आणि मडक्याकडे बघे.

ही जबानी पंचांसमोर द्यावी लागेल का, असे त्याने विचारले. मी हो म्हणालो. पंच त्याच्याच ओळखीचे, बाजारातले. तो म्हणाला, "त्या लेकीचा काय गुन्हा. लिवा."

पंचांपैकी एक जण हसला. बागवान थांबला नाही.

दवावाल्याला आम्ही शिरूर कासारच्या बाजारात पकडले. झडतीत धोतऱ्याचे बी सापडले. तो लवकर कबूल झाला. धोतऱ्याने सारखी लागणारी लघवी थांबते, म्हातारा काही रात्री शांत झोपतो आणि खूष होऊन पुन्हा येतो. काहींची मात्र पुरती अडते. तसे झाले तर काय करतोस, असे मी विचारले.

"जो अडतो त्यो परत येत न्हाई," तो म्हणाला. "आन म्हातारं बोंबलत न्हाईत, साहेब. बोंबलणार कुणाकडं?"

त्याला शिक्षा झाली. सून सुटली, आणि जमीन ती शेवटपर्यंत स्वतः कसत राहिली. बागवानाला मी बीडच्या दवाखान्यात पाठवले. तिथल्या डॉक्टरने रबरी नळी घालून त्याला आराम दिला. तो आणखी काही वर्षे जगला. बाजारातली पोरे त्याची नक्कल करीत, ते मी स्वतः पाहिले आहे.

माणूस लाजेपायी जीव देतो, हे तरण्याताठ्यांच्या बाबतीत पोलिसाला लवकर कळते. म्हाताऱ्यांच्या बाबतीत ते मला या प्रकरणाने शिकवले. त्यानंतर एकट्या म्हाताऱ्याचा मृत्यू तपासताना, घरात शिरण्याआधी, तो शेवटी कुणाशी काय बोलला हे मी विचारीत असे. बहुधा उत्तर येई, काहीच नाही.

आता माझे वय तेच आहे, आणि दुखणेही तेच. डॉक्टरला मी सांगितले. ते सोपे गेले. संध्याकाळी देवळाच्या पारावर माझ्याबरोबर एक निवृत्त मास्तर बसतात. तेही मधेच उठतात आणि उशिरा परततात. त्यांच्याशी बोलायचे असे ठरवून मी रोज जातो, आणि पीकपाण्याचे बोलून परत येतो. मास्तरांना वाचनाचा नाद आहे. हे छापून आले तर ते नक्की वाचतील.