डबेवाल्या बाईंचा साबण, केसासह

आमच्या फिनेलकाकूंनी प्रदर्शनातून साबण चोरला, अशी आवई सध्या गल्लीभर फिरते आहे. ती मी उठवलेली नाही, फक्त चार घरांचे पत्ते तिला दाखवले. पण खरं सांगते, काकूंच्या हातून चोरी होणंच शक्य नाही. परक्या वस्तूला हात लावायचा म्हणजे आधी हात धुणार, नंतर पुन्हा धुणार. तोवर पोलीस चहा पिऊन येतील. आणि तो साबण मुळात त्यांचाच होता.

काकू डबे करतात. समोरच्या कचेरीतली निम्मी माणसं त्यांच्या हातचं जेवतात. त्यांच्या ओट्यावर माशीसुद्धा पाय पुसून बसते. तांबडे रंगवलेले केस कापडी टोपीत कोंबल्याशिवाय त्या गॅस पेटवत नाहीत. घरात नवऱ्याचा साबण वेगळा, त्यांचा वेगळा. एकदा मी चुकून त्यांच्या नॅपकिनला हात पुसले, तर नॅपकिन उकळत्या पाण्यात गेला. मलाही घातलं असतं, पातेलं लहान पडलं.

तर गेल्या महिन्यात बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात एका चित्रकाराने आपला खासगी संग्रह मांडला. संग्रह कसला? लोकांनी अंगाला लावून उरलेल्या साबणांचा! मित्रांकडून, लॉजमधून, इस्पितळातून, वर्षानुवर्षं जमवलेले तुकडे.

तिकडे कचेरीतून काकूंचे डबे एकेक करून बंद व्हायला लागले. कुणाला पथ्य, कुणाच्या बायकोला अचानक स्वयंपाकाचा उमाळा. शेवटी हिशेबनीसाने तोंड उघडलं. "काकू, रागावू नका. तुमच्या साबणावर केस आहे. आम्ही सगळ्यांनी प्रदर्शनात बघितला. खाली चिठ्ठीपण आहे."

काकू घरी आल्या त्या थेट काकांवर.

"अहो, माझा जुना साबण कुठाय?"

"तो चित्रकार दारोदार मागत होता गं. मला वाटलं, गरिबांना वाटणार असेल."

"उष्टा साबण? गरिबांनी काय पाप केलंय? आणि द्यायचाच होता तर स्वतःचा द्यायचा!"

"माझ्या साबणावर फार केस होते," काका म्हणाले. "बरं दिसलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू निघाल्या. मी सोबतीला गेले, म्हणजे तमाशा चुकू नये म्हणून. आत खिडकी नाही, भिंती हातभर जाड, आणि बर्फ जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी ओल जायला तयार नाही. त्या ओलीने सगळे साबण पाझरून बुळबुळीत झालेले. गुलाब, लिंबू आणि ओला पायमोजा असा एकत्र वास. प्रत्येक तुकड्यावर एक दिवा, जणू रत्नंच. एका हिरव्या वडीत कुणाच्या तरी दाढीचे खुंट रुतलेले. एकीवर उंदराचे दात उमटलेले, खाली चिठ्ठी: "भूक". चित्रकाराच्या आईचा शेवटचा साबणही होता. तिथे मी हात जोडले; मग त्यावर नखाचे ओरखडे आणि त्यात काळा मळ दिसला, नि तेच हात पदराला पुसले. काकूंनी नाकावरचा रुमाल डोळ्यांपर्यंत नेला होता.

आणि मधोमध तो. गुलाबी तुकडा, त्याला चिकटलेला तांबडा लांब केस. खाली: "डबेवाल्या बाईंचा साबण, केसासह." भजी चटणीसह म्हणतात ना, तसं.

चित्रकार धावत आला. "हा माझा सगळ्यात लाडका तुकडा. या केसात एक अख्खं माणूस आहे, बाई."

"त्या केसापायी माझे डबे गेलेत. काढा तो."

"तो दान मिळालाय. तुमच्या यजमानांनी दिला."

"यजमान माझ्या साबणाला हात लावत नाहीत, ते दान काय करतात! बरं, चिठ्ठी तरी काढा."

"चिठ्ठी काढली तर नुसता साबण उरेल हो."

"साबणच ना?" काकू म्हणाल्या. "मग झालं."

दालनाच्या कोपऱ्यात बर्फाच्या साच्यांत पाणी भरायचा जाडजूड नळ शोभेला ठेवला होता. काकूंनी दोन्ही हातांनी तो फिरवला आणि काय सांगू, पाणी आलं! त्यांनी तुकडा उचलला आणि घासायला सुरुवात केली. हात धुऊन मागे लागणं नुसतं ऐकलं होतं, त्या दिवशी पाहिलं. आधी केस वाहत गेला जमिनीतल्या गटारात. मग कोपरापर्यंत फेस. चित्रकार "अहो, अहो" करत भोवती नाचत होता, पण फेसाला हात लावायची त्यालाही किळस येत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घासता घासता तुकडा संपला.

पुढचं आधीच सांगून टाकते: डबे परत सुरू झाले. फक्त हिशेबनीस आला नाही. आता म्हणे त्याला जेवताना गुलाबाचा वास येतो.

त्या दिवशी मात्र चित्रकार रिकाम्या दिव्याखाली रडवेला उभा होता. "बाई, आता या जागी मी काय ठेवू?"

काकूंनी हात झटकले.

"काही ठेवू नका. एवढी एक जागा तरी स्वच्छ राहू दे."