डॉलर-वनभोवतीची अवतरणचिन्हं

साखळी गावात आमच्या घराखालीच सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्यातला कॉम्प्युटर माझा. घरातलं बाकी सगळं कौतुक धाकट्या जावेचं. ती पेडण्याची, मोपाच्या विमानतळावर कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी करते. संध्याकाळी ती आली की सासूबाई गरम पोय, आमच्याकडचा पाव, आधी तिच्या ताटात टाकणार, दमून येते ना! मी दिवसभर घरातच, म्हणजे मी दमत नाही. माझा जळफळाट व्हायचा. अजून होतो.

जुने फोटो पुसायला मी स्वतः शिकून एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली होती. चालवताना फोल्डरचं नाव द्यायचं, ते आत डॉलर-वन या खुणेच्या जागी पोचतं आणि तो फोल्डर पुसला जातो. एका रविवारी जाऊ डोकावून म्हणाली, "वैनी, फोल्डराच्या नांवांत जागा सोडूं नाकात, घोळ जाता." मी म्हटलं, तुझ्या विमानतळावर नको सोडूस. आमच्याकडे माणसं बोलतात तशीच नावं असतात.

यंदा शिरगावच्या देवीच्या जत्रेत सासरे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, म्हणून शेवटच्या वेळी निखाऱ्यांवरून चालले. गुडघे थकले, पुढल्या वर्षी जमायचं नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. गळ्यात मोगऱ्याचे हार, हातात वेताची काठी, पायाखाली विस्तव, असा त्यांचा एकच फोटो मला साधला. तो 'जत्रा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं. डिस्क भरत आली होती, म्हणून गेल्या वर्षीचा 'जत्रा जुनी' स्क्रिप्टला दिला, दोन शब्द मिळून एकच नाव धरलं जावं म्हणून नीट अवतरणचिन्हांत घालून. तो गेला, काम झालं.

पुढच्या आठवड्यात स्क्रिप्ट उघडली, तर आत डॉलर-वनभोवतीही अवतरणचिन्हं. मी घातलेली नव्हेत. माझ्या स्क्रिप्टला हात लावणारं घरात दुसरं कोण? माझं डोकंच फिरलं. तिची लुडबुड फुकटची होती हे दाखवायला मी त्याच नावांचे दोन खोटे फोल्डर वेगळ्या जागी केले, तिची चिन्हं काढली आणि स्क्रिप्ट चालवली. 'जत्रा जुनी' जागच्या जागी, 'जत्रा' गायब! मी बाहेर बांधून दिलेलं नाव आत सुटत होतं, त्याचे दोन तुकडे होत होते. हार पानात बांधून द्यावा आणि देवळाच्या दारातच पुडी सुटावी, तसं. त्या दिवशी तिची चिन्हं नसती, तर सासऱ्यांचा तो एकुलता फोटोच पुसला गेला असता.

फोटो मोठा करून भिंतीवर लावला, त्या दिवशी जेवताना सासरे सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाये, तुवें बरो सांबाळ्ळो." इतक्या वर्षांत या घरात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. जाऊ मान खाली घालून पोय मोडत होती. चिन्हं आपण घातली असं बोलली असती तर मी कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण नाही. मला मिळालेलं पहिलं कौतुक, तेही तिनंच माझ्या ताटात वाढलं.