आत्याचा टाका

आमच्या कारखान्याला मालक नाही म्हटलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग ओरडतं कोण?" ओरडायला आमची आत्या होती. माझी सख्खी आत्या, पण पुढे सगळ्या कारखान्याचीच झाली. तिने लग्न केलं नाही. "शिलाई मशीनशी संसार केलाय, तो नवऱ्यापेक्षा कमी कुरकुरतो," म्हणायची.

मालक गाशा गुंडाळून पळाला, तेव्हा बाकीचे डोक्याला हात लावून बसले. आत्याने मशीनला तेल घातलं आणि टाकून दिलेल्या ताडपत्रीची पिशवी शिवायला घेतली. त्या पिशव्यांवरच आम्ही पुन्हा उभे राहिलो. झाडणारा असो की शिवणारा, मिळकतीत वाटा सारखा. नियम दोनच, तेही आत्याचेच. बोलायचं ते तोंडावर, आणि एकट्याने काही ठरवायचं नाही. सगळ्यांचे हात वर झाले तरच गोष्ट पक्की.

मग तिची नजर अधू झाली. शिवण भरकटू लागली, पट्टा ओढला की निघून यायचा. सगळ्यांना दिसत होतं, पण सांगणार कोण? मालकाने सांगितलं असतं आणि आम्ही त्याला शिव्या घालून मोकळे झालो असतो. इथे प्रत्येकजण मालक, म्हणून प्रत्येकजण गप्प. ती घरी गेली की कटिंग मास्तर तिच्या पिशव्या उसवून पुन्हा शिवायचे. एरवी दिवसभर तिच्याशी भांडणारा हा माणूस!

एकदा पिशव्या बांधताना आत्याने सहज एका पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ती थांबली.

"हा टाका माझा नाही. इतका आवळून मास्तरच शिवतात."

मास्तर खाली बघत म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, आत्या..."

"मालक निदान तोंडावर तरी बोलायचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना गोल उभं केलं. "मी मशीन सोडतेय. हात वर करा."

एकही हात हलेना. मास्तर म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवलंत ना? मग आमचे हात कशाला?"

"एकटीने ठरवलं, तर मी मालकीण झाले की!"

हळूहळू हात वर गेले. मास्तरांनीही केला, दुसऱ्या हाताने डोळे पुसत. आत्या मान वळवून सगळीकडे बघत होती, पण तिला आमचे हात दिसत नव्हते.

"झाले का सगळे?"

माझा हात अजून खालीच होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी ते खोटं आहे हे तिला कळलं नसतं.

"माझा राहिलाय, आत्या."

"मग कर ना, बाळा."

"केला," मी म्हणाले.

तिने चाचपडत मशीनचं झाकण शोधलं आणि स्वतःच्या हाताने ते घातलं.