घरमालकांचा ताबा

आमच्या ॲन आर्बरच्या घरमालकांइतक्या शिस्तीत काहीच न करणारा माणूस उभ्या अमेरिकेत दुसरा झाला नसेल. नव्वदच्या दशकात आम्ही नवराबायको त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. महायुद्धात ते पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावर नौदलाच्या तळाचे कमांडिंग ऑफिसर होते. शत्रूने त्या बेटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हे दुःख त्यांना जन्मभर पुरलं. आधीच्या कमांडरांच्या गोष्टी ते घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांगाव्यात तशा सांगत. एकाने तोफेच्या चौथऱ्याभोवती टोमॅटो लावले, दुसऱ्याला दाढदुखीमुळे परत न्यावं लागलं. यांनी टोमॅटो वाढवले आणि एकदाही न उडालेली तोफ रोज पुसली. इथेही सकाळी अंगणात झेंडा चढे, मग टोमॅटोच्या वाफ्याची पाहणी होई. बर्फ पडलं की फावडं माझ्या हाती देऊन ते पोर्चमधून हुकूम सोडत. एकदा फोडणीच्या ठसक्याने खोकत वर आले. आम्ही घाबरलो, तर स्वारी सरळ टेबलापाशी बसली आणि पोटभर जेवून गेली. तेव्हापासून दर रविवारी आमच्या स्वयंपाकघराची पाहणी ठरलेली.

पुढे गुडघे थकले. त्यांचा मुलगा त्यांना बेलव्ह्यूला आपल्या घरी कायमचं न्यायला आला, सामान गाडीत गेलं, पण हे पोर्चवरच्या खुर्चीतून उठेचनात. मुलगा वैतागला. बायकोने हळूच कारण विचारलं. ते म्हणाले, नौदलात नवा अधिकारी समोर येऊन ‘आय रिलीव्ह यू, सर’ म्हणून ताबा घेईपर्यंत जुन्याने जागा सोडायची नसते. बेटावर त्यांच्यानंतर कुणी आलंच नाही. युद्ध संपलं, एक बोट सगळ्यांना घेऊन गेली, तळ तसाच राहिला.

“मला कुणी मोकळंच केलं नाही,” ते म्हणाले.

बायकोने पदराला हात पुसले, त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “आय रिलीव्ह यू, सर.”

ते खुर्चीचा हात धरून उठले, सलाम ठोकला. “आय स्टँड रिलीव्ह्ड, मॅडम. टोमॅटोंना पाणी घाला.” आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसले.

घर विकलं जाईपर्यंत ती रोज झेंडा चढवायची, मी पाणी घालायचो. नव्या मालकाने नुसत्या किल्ल्या घेतल्या, ताबाबिबा काही नाही. आता आमचेही गुडघे बोलू लागलेत. त्यांची आठवण निघाली की मला गलबलून येतं. ती मात्र कुंडीतल्या टोमॅटोला पाणी घालत म्हणते, “आपल्याला तरी कुठे कुणी मोकळं केलंय?”